पासवर्ड बरोबर, पण डेस्कटॉप उघडेना

प्रश्न : लिनक्स मिंटमध्ये पासवर्ड टाकला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनच समोर येतं. सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करू का?

उत्तर : मुळीच नको. पासवर्ड चुकीचा असता तर तसा संदेश आला असता. इथे मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप सुरू होता होता कोसळतोय. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड द्या (पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, गोंधळू नका). आधी ‘डीएफ -एच’ देऊन जागा पाहा. डिस्क १०० टक्के भरली असेल तर तेच कारण असण्याची दाट शक्यता. ‘सुडो ॲप्ट क्लीन’ने थोडी जागा मोकळी होईल.

जागा असेल तर ‘एलएस -एलए’ देऊन टिंबाने सुरू होणारी ‘एक्सऑथॉरिटी’ फाइल शोधा. तिच्या मालकाच्या जागी तुमच्याऐवजी ‘रूट’ दिसलं, तर चोर सापडला! एखादा खिडकीवाला प्रोग्रॅम ‘सुडो’ लावून चालवला की असं होऊ शकतं. ‘सुडो एमव्ही’ने फाइलचं नाव बदला, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते. एवढ्यानेही भागलं नाही, तरच ‘सिनॅमन’ पॅकेज ‘ॲप्ट’ने रीइन्स्टॉल करा. त्यासाठी इंटरनेट लागेल. होम फोल्डरमधल्या तुमच्या फाइलींना यात धक्का लागत नाही.