सॉफ्टवेअर इंजिनिअरला परवाना लागतो का?

भारतात वकिलीसाठी सनद लागते, डॉक्टरला वैद्यकीय परिषदेची नोंदणी लागते आणि आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्याप्रमाणे आपले नाव नोंदवावे लागते. इमारतीच्या नकाशावर सही करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअरही महापालिकेच्या परवान्यावर काम करतो. इमारत खचली की आधी ती सही शोधली जाते. सॉफ्टवेअर इंजिनिअरकडे मात्र असा कागद कोणी मागत नाही. बी.ई. झालेला, बी.एससी. झालेला किंवा पदवी अर्धवट सोडलेला तरुणही उद्या बँकेच्या व्यवहारांचा कोड लिहू शकतो आणि त्यात बेकायदा काही नसते.

क्लासच्या जाहिरातीत ‘सर्टिफाइड’ हा शब्द ठळक छापलेला असतो, त्यामुळे पालकांची गल्लत होते. क्लाउड किंवा नेटवर्किंग कंपन्यांची सर्टिफिकेट्स म्हणजे त्या कंपनीचे साधन वापरता येते याचा दाखला. नोकरीसाठी त्याचा उपयोग होतो, पण तो परवाना नव्हे. परवाना कायद्याने मिळतो, चूक झाल्यास काढून घेता येतो आणि तो नसेल तर व्यवसायच करता येत नाही.

चुकीची किंमत काय असते, हे ‘थेरॅक-२५’ या कर्करोगावरील रेडिएशन यंत्राने दाखवले. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा दिला आणि त्यांतले किमान तिघे दगावले. टेक्ससमधील टायलर गावी १९८६ साली ऑपरेटरने किरणांचा प्रकार निवडताना चुकून ‘ई’ऐवजी (इलेक्ट्रॉन) ‘एक्स’ (क्ष-किरण) दाबले आणि लगेच कर्सर वर नेऊन ते दुरुस्त केले. हात सरावाचा होता, सगळे आठ सेकंदांच्या आत आटोपले. तेवढ्या वेगाने केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरने टिपलीच नाही. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले. त्याचा अर्थ ऑपरेटरला कोणी सांगितलेला नव्हता, म्हणून तिने ‘पुढे चालू’चे बटण दाबले आणि रुग्णाला दुसरा मारा बसला. आधीच्या मॉडेलमध्ये असे घडू न देणारी स्वतंत्र यांत्रिक कुलपे होती. कोडवर भरवसा ठेवून ती काढून टाकली होती.

त्याच टेक्ससने १९९८ साली सॉफ्टवेअर अभियांत्रिकीला परवान्याची शाखा म्हणून मान्यता दिली. पुढे २०१३ पासून अमेरिकेत त्यासाठी परीक्षाही सुरू झाली, पण परीक्षार्थीच मिळेनात आणि २०१९ मध्ये ती बंद पडली. दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या क्षेत्राची परीक्षा कशी घ्यायची, हा आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. कॅनडात ‘इंजिनिअर’ हे पद लावायलाच प्रांतिक परवाना लागतो. तिकडे जाणाऱ्या मराठी मुलांनी व्हिजिटिंग कार्ड छापण्यापूर्वी हे पाहावे. अल्बर्टा प्रांताने २०२३ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरपुरती सूट दिली आहे.

परवाना नाही म्हणजे जबाबदारी नाही, असा अर्थ काढणे मात्र महागात पडते. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील सॉफ्टवेअर प्रदूषण चाचणी चालू आहे हे ओळखून धूर तेवढ्यापुरता कमी करत असे. २०१५ मध्ये ते उघडकीला आले. त्या कामात सहभागी असलेले अभियंता जेम्स लियांग यांना अमेरिकेतील न्यायालयाने २०१७ मध्ये ४० महिन्यांची कैद सुनावली. ते कंपनीच्या सूत्रधारांपैकी नव्हते, तरीही शिक्षा टळली नाही. हुकूम वरून आला, हा बचाव पुरेसा नसतो.

म्हणून कॅम्पसमध्ये पॅकेजचा आकडा विचारला जातो, तसेच आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत: लिहिलेला कोड दुसरे कोणी तपासते का, आणि टेस्टिंग अपुरे असेल तर रिलीज थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तेही एक उत्तरच आहे. नोकरी लागल्यावर धोका दिसला तर तो कॅन्टीनमध्ये बोलून सोडून न देता ईमेलने, तारखेनिशी कळवण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावून घ्यावी. नव्या मुलाला हे अवघड जाते, पण वरिष्ठांना पुढे याच कागदाचा आधार होतो.

एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संस्थांनी १९९९ मध्ये सॉफ्टवेअर अभियंत्यांसाठी आचारसंहिता मान्य केली. तिच्यात आठ तत्त्वे आहेत. पहिले जनहिताचे आहे, मालक आणि क्लायंट दुसऱ्या क्रमांकावर येतात. संक्षिप्त आवृत्ती जेमतेम पानभर आहे आणि फुकट मिळते. प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी मुलांनी ती वाचावी, आणि शेजारी बसून आईवडिलांनीही.