टपावरचा स्वस्त तंबू: पैसे कुठे वाचतात, कुठे बुडतात?

प्रश्न : आमच्याकडे कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे. तिच्या टपावर बसवायचा तंबू, म्हणजे रूफटॉप टेंट, घ्यायचं घरात चाललंय. ऑनलाइन शोधलं तर दोन तंबू फोटोत अगदी जुळे दिसतात, पण एकाची किंमत सत्तर हजार आणि दुसऱ्याची अडीच लाख. दोन्ही विक्रेते ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘हेवी ड्यूटी’ म्हणतात. हा फरक खरा असतो की नुसता नावाचा? आणि तो दुकानात उभं राहून आपल्याला ओळखता येतो का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : थोडा खरा, थोडा नावाचा. बरेच ब्रँड स्वतः काही शिवत नाहीत. चीनमधल्या कारखान्याकडून तंबू बनवून घेतात आणि वर आपली पट्टी लावतात. त्यामुळे तुम्हाला जुळे वाटलेले तंबू खरोखरच एका छपराखाली जन्मलेले असू शकतात. मग वरचे पैसे कशाचे? कापड कुठलं आणि पाइप किती जाडीचा हे ठरवणाऱ्याचे, माल निघताना तपासणाऱ्याचे, आणि चार वर्षांनी एक दांडी मोडली तर नेमकी तीच दांडी पाठवणाऱ्याचे. हे शेवटचं जर महागडा विक्रेताही करणार नसेल, तर त्याला जादा पैसे देण्यात काही अर्थ नाही. फोन करून आधी तेच विचारा : ‘शिडी, दांडी आणि बिजागरी सुटी मिळते का? केवढ्याला?’ उत्तर देताना जो चाचरतो त्याच्याबद्दल पुरेसं कळतं.

स्वस्त तंबूकडे पाहायची माझी रीत साधी आहे. त्यातली कुठली गोष्ट बिघडली तर आपल्या बाजारात दुरुस्त होईल आणि कुठली होणार नाही, एवढंच बघायचं. चेनचा रनर गेला तर बॅगा दुरुस्त करणारा बसवून देतो. गादी दबली तर फोमवाला मापाने कापून देतो. वरचं कव्हर फाटलं तर ताडपत्री शिवणारा किंवा सीट कव्हरवाला नवं करून देतो, आणि बऱ्याचदा मूळपेक्षा दणकट. पण तळाची फळी मऊ पडली, बिजागरी तडकली किंवा खालची पट्टी सुटली, तर विचारायला जागा नाही. तेव्हा स्वस्त तंबूत गादी पातळ असली तरी चालेल, फळी पातळ असून चालणार नाही.

पण तंबूच्या आधी गाडी. तिच्याबरोबर आलेली पुस्तिका काढा (ग्लव्ह बॉक्समध्ये अजून प्लास्टिकच्या पिशवीतच असेल) आणि टपावर किती वजन चालतं ते शोधा. हा आकडा धावत्या गाडीचा असतो. लहान गाड्यांना तो ५० किलोंच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतो. मोठ्या एसयूव्हींना ७५ ते १०० किलो. स्वस्त प्रकार म्हणजे बहुतेक सॉफ्ट शेल, घडी उलगडून गाडीच्या बाहेर झुकणारा. त्याचं वजन साधारण ४५ ते ६० किलो, शिवाय तो ज्यांवर बसतो त्या टपावरच्या आडव्या दांड्यांचे पाच-सात किलो. वरून खोक्यासारखा दिसणारा हार्ड शेल सहसा आणखी जड. म्हणजे कित्येक कॉम्पॅक्ट गाड्यांचा प्रश्न इथेच निकालात निघतो, आणि सत्तर हजार की अडीच लाख ही चर्चाच उरत नाही.

रात्री दोघं वर चढले की आणखी दीडशे किलो होतात, मग टप बसत कसा नाही, असं पुष्कळजण विचारतात. उभ्या गाडीला ना खड्डा लागतो, ना करकचून ब्रेक. शिवाय दांड्या नीट बसवल्या असतील तर वजन टपाच्या पत्र्यावर न पडता कडेच्या खांबांवर उतरतं. म्हणून उभी गाडी धावत्या आकड्याच्या काही पट वजन पेलते. जुन्या पूर्व जर्मनीत ट्राबांटच्या टपावर तंबू लावून लोक सुट्टीला जात. त्या इवल्याशा गाडीचं वरचं अंग तर पत्र्याचंही नव्हतं. कापसाचा टाकाऊ भाग आणि रेझिन एकत्र दाबून ते केलेलं असे. भार सोसायला आतला पोलादी सांगाडा होता.

आपल्याकडच्या गाड्यांत एक मेख आहे. टपाच्या दोन्ही कडांना दिसणाऱ्या चकचकीत रूफ रेल कित्येक मॉडेलांत नुसत्या शोभेच्या असतात. त्यांवर वजन घालू नये असं पुस्तिकेत स्पष्ट छापलेलं असतं आणि शोरूममध्ये कुणी बोलत नाही. तसं असेल तर तंबू कितीही चांगला असो, तुमच्या गाडीसाठी तो नाही.

आता फळी. चांगल्या तंबूत अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी किंवा कडक फोम चिकटवलेला असतो. दोन पत्रे एकमेकांपासून लांब राहिल्यामुळेच फळीला ताठपणा येतो. फार स्वस्त मालात प्लायवूडही दिसतं. प्लायवूड वाईट नाही, पण त्याच्या कडा आणि भोकं सीलबंद नसतील तर एका पावसाळ्यात ते फुगतं. दुकानात तंबू उघडायला लावा. गादी उचला आणि गाडीच्या बाहेर झुकलेल्या अर्ध्या भागाच्या मधोमध गुडघ्यावर बसा. फळी जरा लवेल, ते ठीक. करकर वाजली किंवा मधल्या सांध्यापाशी पायरी जाणवली तर ठीक नाही. मग खाली वाकून पाहा. टपावरच्या आडव्या दांड्यांवर तंबू आवळायच्या ज्या दोन अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्या फळीतून आरपार बोल्टने आणि रुंद वॉशर घालून बसवल्या आहेत की नुसत्या रिव्हेटने? घाटात ताशी ६० च्या वेगाने जाताना अख्खा तंबू त्या दोन पट्ट्यांच्या भरवशावर असतो. नुसते रिव्हेट दिसले तर दुसरा तंबू बघा.

खिशात एक लहान लोहचुंबक न्या. तंबूला वापरतात त्या प्रकारचं चांगलं स्टेनलेस स्टील चुंबकाला जेमतेम चिकटतं. साधा बोल्ट खटकन चिकटतो. विक्रेता ‘सगळं एस. एस. आहे’ म्हणत असताना ही चाचणी करायला मजा येते. पण मुद्दा गमतीचा नाही. अॅल्युमिनियममध्ये साधा पोलादी बोल्ट आणि वर समुद्राची खारी हवा अशी सांगड जमली की दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो, अॅल्युमिनियमला पांढरी भुकटी सुटते आणि बोल्ट जाम होतो. तुमच्या मनात हर्णे, गुहागर, तारकर्ली असेल तर हे आधीच बघून घ्या.

सॉफ्ट शेलची शिडी नुसती चढायची नसते, बाहेर झुकलेली अर्धी फळी तिच्यावरच टेकलेली असते. म्हणून शिडीच्या कड्या आणि तिचे पाय बारकाईने बघा. सरकत्या शिडीचे खटके एकेक करून लावा. दोन-तीनदा लावल्यावर एखादा अर्धवट बसत असेल तर पुढे तो बोट चिमटणार. तंबूच्या दांड्यांच्या टोकाच्या बिजागऱ्या धातूच्या हव्यात. तंबू मिटताना कापड त्यांत अडकतंय का तेही पाहा, कारण अडकणारा तंबू दरवेळी तिथेच अडकतो आणि शेवटी तिथेच फाटतो.

कापडाबद्दल विक्रेते सर्वांत जास्त बोलतात, आणि माझ्या मते तेच सर्वांत कमी काळजीचं आहे. दोन जाती असतात. एक पॉलिकॉटन, साधारण २८० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला २८० ग्रॅम. ते हवा खेळू देतं, उन्हात कमी तापतं, पण जड असतं आणि वाळायला वेळ घेतं. भिजल्यावर सुताचे धागे फुगून छिद्रं बुजतात, म्हणून नवा तंबू पहिल्या सहलीआधी पाण्याने चांगला भिजवून पूर्ण वाळवायचा. शिवणीतून आधी थेंब येतात, मग थांबतात. दुसरं कापड म्हणजे पॉलिएस्टर ऑक्सफर्ड, आतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेलं. ते हलकं आणि पटकन वाळणारं, पण आत कोंदट.

‘३००० मिमी’ असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ असा की कापडावर तीन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत झिरपलं नाही. पावसासाठी १५००-२००० सुद्धा पुरतात. आकडा कापडाचा आहे, तंबूचा नाही. पाणी येतं ते शिवणीतून, चेनमधून आणि खिडकीच्या कोपऱ्यातून. ५००० मिमीची जाहिरात करून शिवणीवर टेप न लावलेला तंबू गळणारच. हे ओळखायला भर दुपारी आत शिरा, सगळी दारं-खिडक्या बंद करा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. सुईच्या भोकांतून प्रकाशाचे ठिपके दिसतील. पॉलिकॉटनमध्ये थोडे दिसणारच. पॉलिएस्टरमध्ये शिवणीच्या आतून चमकती पट्टी दिसायला हवी आणि ठिपके नकोत. लेप दिलेल्या कापडाला दमट उष्णता सोसत नाही. गुंडाळून उन्हात ठेवलेल्या कापडाचा लेप काही वर्षांत चिकट होतो आणि आंबूस वास सुटतो, महागड्या तंबूतसुद्धा.

चेन : जाडी आठ किंवा दहा नंबरची हवी, पाच नंबर दारासाठी बारीक. वायकेके या चेन कंपनीचं नाव छापलेलं असेल तर उत्तम, पण नकलाही निघतात, म्हणून छाप्यापेक्षा कोपऱ्यावरून एका हाताने दहा वेळा ओढून पाहणं खरं.

इतकं सगळं पास झालं तरी पुण्यातल्या माणसाला मी एक प्रश्न विचारेन : तंबू वाळवणार कुठे? जून ते सप्टेंबर सह्याद्रीत गेलात तर परत येताना तो ओला मिटावा लागणार, आणि दोन दिवस ओला बंद राहिला की बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते कापडावरून पूर्ण जात नाहीत. ज्याच्याकडे बंगल्याचं अंगण आहे त्याला चिंता नाही. सोसायटीत तळघरात गाडी लावणाऱ्याने आधी दारावरची उंचीची पट्टी पाहावी. टप, दांड्या आणि मिटलेला तंबू मिळून दोन मीटरच्या वर सहज जातात. साठ किलोंचा तंबू उतरवायला दोन-तीन माणसं लागतात आणि उतरवून ठेवायला फ्लॅटमध्ये जागा नसते. म्हणून तो वर्षभर टपावरच राहतो आणि ऊन खातो. सत्तर हजार किती रात्रींवर वाटले जाणार, हे इथे ठरतं.

कायद्याचंही विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला बंधन घालतं. बोल्टने आवळलेला, काढता येणारा तंबू त्यात धरायचा का, यावर रस्त्यावरच्या हवालदाराचं आणि तुमचं मत जुळेलच असं नाही. तुमच्या आरटीओत विचारलेलं बरं.

माझा सल्ला मागत असाल तर असा : आधी एक-दोन रात्री भाड्याने घ्या. टपावरच्या तंबूंना पाठीशी मोठी परंपरा आहे. इटलीतली ऑटोहोम कंपनी १९५८ पासून ते बनवते, आणि ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेत रानावनात, खडकाळ जमिनीवर त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. पण एकाच जागी तीन दिवस मुक्काम करणाऱ्या कुटुंबाला हे घर अडचणीचं होतं. सकाळी दूध आणायला गाडी काढायची तर आधी घर मोडावं लागतं. तुम्ही रोज मुक्काम हलवणारे असाल, गाडीला वजन पेलत असेल आणि फळी-पट्ट्या-बिजागऱ्या पास झाल्या असतील, तर सत्तर हजारांचा तंबू खुशाल घ्या. दहा-बारा हजार गादी आणि कव्हरसाठी बाजूला ठेवा. अडीच लाखांचा हार्ड शेल मी त्यालाच सुचवेन, जो महिन्यातून दोनदा निघतो आणि अंधारात, पावसात मिनिटभरात छप्पर उघडायची किंमत ओळखतो.

प्रश्न : टपावरचा नवा तंबू पहिल्याच थंडीत गळला. पाऊस नव्हता, तरी सकाळी छताला आणि गादीखाली पाणी. बदलून मागू का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : पाऊस नव्हता ना, मग ते पाणी तुमचंच आहे. दोन माणसं रात्रभरात श्वास आणि घामातून अर्धा लिटर तरी पाणी हवेत सोडतात, आणि थंड कापडाला, फळीला ते दवासारखं धरतं. समोरासमोरच्या दोन खिडक्या वरून चार बोटं उघड्या ठेवा, आणि गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार चटई घाला. गादी रोज उचलून वाळवा. तंबू परत करायला नेलात तर दुकानदार हेच सांगेल, आणि या वेळी त्याचं खरं असेल.

प्रश्न : जुना तंबू निम्म्या किमतीत मिळतोय. घ्यावा का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : फळी चांगली असेल तर जरूर, कापड जुनं असलं तरी. मालकाला तंबू तुमच्यासमोर उघडायला सांगा; आधी उघडून ठेवलेला असेल तर मिटायला लावा. किती वेळ लागतो आणि कुठे जोर लावतो ते बघा. गादी उचलून फळीच्या चारही कोपऱ्यांत अंगठा दाबा. दबलं किंवा काळपट डाग दिसला तर निम्मी किंमतही जास्त आहे. वास घ्या, कुबट वास धुऊन जात नाही. दांड्या वाकवून सरळ केल्याच्या खुणा असतील तर तंबू कधीतरी वाऱ्यात सापडलाय. आणि पट्ट्यांवर आवळायचे मूळ क्लॅम्प, पाना आणि शिडी मोजून घ्या. विकणाऱ्याकडून नेमकं यातलंच काहीतरी हरवलेलं असतं, आणि जुन्या मॉडेलचे क्लॅम्प शोधत फिरणं फार त्रासाचं.