बंबाचं पाणी

कराड, सोमवार

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

काल रात्री वहिनींचा फोन आला. कुणाला सांगू नकोस असं तू बजावलं होतंस, तरी त्यांनी सांगितलं. त्यांच्यावर रागावू नकोस. शुक्रवारच्या नाइटला सत्तरीचे एक गृहस्थ आले, गरगरतंय आणि उलट्या. तोंड वाकडं नाही, हातपाय चालतात, बोलणं स्वच्छ, सीटी नॉर्मल. तू केसपेपरवर ‘व्हर्टिगो’ लिहिलंस, इंजेक्शन दिलंस आणि घरी न्या म्हणालीस. मग रजिस्ट्रारने त्यांना कॉटवरून उतरवलं, तर ते सरळ डावीकडे कलंडले. पुढे त्याने तुला सगळ्यांदेखत काय ऐकवलं, तेही कळलं.

मला एवढंच सांग, तू त्यांना उभं केलं होतंस का?

चेहरा, हात, बोलणं हे भिंतीवरच्या पोस्टरला ठीक आहे. पाचातला साधारण एक स्ट्रोक मागच्या रक्तवाहिन्यांचा असतो, आणि त्यात हातापायांची ताकद शाबूत राहू शकते. झोपलेल्या माणसाचा स्ट्रोक स्कोअर शून्य भरतो आणि तोच माणूस आधाराशिवाय कॉटच्या कडेला बसू शकत नाही. सीटीवर विसंबलीस याचं तर जास्त वाईट वाटलं. रक्तस्राव झाला नाही ना, ते बघायला सीटी. कवटीच्या तळाशी, त्या जाड हाडांच्या बेचक्यात, ताजा इन्फार्क्ट त्याला बहुधा दिसत नाही. एमआरआयसुद्धा पहिल्या ४८ तासांत कधीकधी फसवतो.

यंत्राआधी डोळे बघ. २००९ सालापासून हिंट्स तपासणी सगळ्यांच्या तोंडी आहे, तुझ्याही असेल; करतं कोण? चक्कर सतत चालू आहे, बुबुळं उडताहेत, अशाच पेशंटवर ती करायची. कुशीवर वळल्यावर अर्धा मिनिट गरगरणाऱ्यावर नाही. आधी मानेचं दुखणं विचार. मग तुझ्या नाकाकडे बघायला सांग आणि डोकं थोडंसंच, पण झटकन वळव. कानाचा बिघाड असेल तर नजर नाकावरून सुटते आणि मागाहून उडी मारून परत येते. नजर नाकावरच राहिली, म्हणजे चाचणी नॉर्मल आली, तर घाबरायचं. इथे विद्यार्थी हमखास गोंधळतात, कारण ‘नॉर्मल’ दिसलं की सुटलो असं वाटायची आपली सवय. डावीकडे बघताना डावीकडे आणि उजवीकडे बघताना उजवीकडे उडणारी बुबुळं, झाकलेला डोळा उघडल्यावर त्याचं वर-खाली सरकणं, यातलं एकही दिसलं तर पेशंट घरी जात नाही.

आणि हे सगळं विसरलीस तरी उभं करायला विसरू नकोस. एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला पेशंटचा मुलगा. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

मी हे कुठल्या तोंडानं सांगतोय, तेही ऐक. नानामामा न्यूमोनियानं गेले असं आपल्या घरात म्हणतात. ते खरंच आहे. पण तो न्यूमोनिया आला कुठून, हे मी कधी बोललो नाही.

१९८३ साल. मला दवाखाना थाटून जेमतेम वर्ष झालं होतं. मामांना पहाटे चक्कर आली, उलट्या झाल्या, मग उचकी लागली ती थांबेना. मी पित्त म्हणालो. डावी पापणी जरा उतरली होती, म्हटलं, जागरण. आवाज बसला होता; म्हटलं, उलट्यांनी घसा धरला. दुसऱ्या दिवशी दोघांनी धरून त्यांना न्हाणीत नेलं, तर आतून घोगऱ्या आवाजात म्हणाले, “अरे, डाव्या हाताला पाणी कढत लागतंय आणि उजव्याला गार. बंब बिघडलाय काय?” आम्ही हसलो. मी सगळ्यांत मोठ्यांदा हसलो.

मनू, मागच्या रक्तवाहिन्यांच्या स्ट्रोकचं अख्खं वॉलनबर्ग सिंड्रोम माझ्यासमोर बसून बोलत होतं. त्या जर्मन डॉक्टरानं १८९५ सालीच ते लिहून ठेवलंय, आणि व्हायव्हात मी ते घडाघडा म्हणून दाखवलं होतं: ज्या बाजूचा चेहरा बधिर, त्याच्या उलट बाजूचं अंग बधिर. एक थंड चमचा दोन्ही गालांना आणि दोन्ही हातांना लावला असता तरी कळलं असतं. मी लावला नाही. उभंही केलं नाही. पेशंट मामाच, त्यांना काय तपासायचं!

वर मीच सांगितलं, चहा द्या घोट घोट. प्रत्येक घोटाला ठसका लागत होता. पाचव्या रात्री ताप चढला. गुठळी विरघळवायचं औषध तेव्हा आमच्या हातात नव्हतं, पण चहा थांबवणं होतं. आईला मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही, कारण कप तिच्या हातात होता.

म्हणून एवढा ओरडलो. तुमच्या हातात आज खूप आहे. ठीक होता ती शेवटची वेळ नीट विचारली तर साडेचार तासांपर्यंत औषध देता येतं. बॅसिलर धमनी बंद असेल तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतसुद्धा तार घालून गुठळी काढतात. चीनमधल्या दोन चाचण्यांनी २०२२ मध्ये त्याला जोर दिला. पण कुणाला तरी संशय यावा लागतो, तोही तुझ्यासारख्या पहाटे तीनला डोळे चोळणाऱ्या इंटर्नला.

तू रात्रभर रडलीस असं वहिनी म्हणाल्या. रजिस्ट्रारचं बोलणं लागलं असेल, पण पेशंट गेटबाहेर जायच्या आत त्याने तुला थांबवलं. मला थांबवणारं कुणी नव्हतं. झोप काढ, वेळेवर जेव. पुढच्या रविवारी सुट्टी मिळाली तर ये, काकू धपाटे करणार आहे.

ते गृहस्थ आता कसे आहेत? पाणी पाजून बघितलं का, ठसका लागतो का? उद्या राउंड झाला की फोन कर.

तुझा,
अण्णाकाका