सुरू व खासी पाइन : ओळख

कोकण किनाऱ्यावरील सुरू दुरून सूचिपर्णी वाटतो. परंतु तो सपुष्प वर्गातील वृक्ष आहे. मेघालयापासून फिलिपीन्सपर्यंत डोंगरांवर आढळणारा खासी पाइन मात्र खरा सूचिपर्णी होय. रोप घेण्यापूर्वी पुढील परीक्षा करावी.

१. सुरूची हिरवी ‘सुई’ ही वस्तुतः डहाळी असते. ओढल्यास ती सांध्यावर सुटते व तेथे खवल्यांसारख्या बारीक पानांचे वलय दिसते.

२. खासी पाइनची सुई हेच पान. ते बिनसांध्याचे असते. बहुधा तीन पाने एका झुबक्यात येतात.

सुरू खारा वारा व वाळू सोसतो आणि मुळांवरील गाठींद्वारे नत्र मिळवतो. पाइनच्या मुळांना विशिष्ट बुरशीची साथ लागते. यास्तव किनाऱ्यावरील वाराप्रतिबंधक पट्ट्यासाठी सुरूच निवडावा.