तळाच्या माशाला उगाच उठवू नको

पहिलं म्हणजे, लेकरा, काचेवर टिचक्या मारणं बंद कर. मिशावाल्या माशाला ऐकायला फार चांगलं येतं. त्याच्या पोटातली हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीनं थेट कानाला जोडलेली असते. तू हळूच मारलेली टिचकी त्याच्या डोक्यात घुमते आणि तो आणखी अंग चोरून बसतो. मग तू मला फोन करून म्हणतोस, आजोबा, मासा हालतच नाही.

तो हालत नाही, कारण त्याची वेळ झालेली नसते. आपल्या पैनगंगेच्या डोहावर मागूर-शिंगीसाठी गळ टाकणारा माणूस दिवस बुडाल्यावरच बसतो. तुझा तो काळा सकर त्याच सवयीचा, फक्त माहेर दक्षिण अमेरिकेतलं. तुझी दुसरी मिशावाली मासळी, ती बोटाएवढी कोरी, तशी दिवसाही हिंडते, पण एकटी असली की दडून राहते. तिला आणखी पाच-सहा सोबती आणून दे. आणि सगळ्यांना दिवसा दडायला जागा हवीच. फुटक्या माठाचा अर्धा तुकडा किंवा जुनं कौल चालेल. कडा मात्र दगडावर घासून बोथट कर, कारण बहुतेक मिशावाल्या माशांना खवले नसतात. अंग उघडं, लगेच खरचटतं.

आजारी आहे की नुसता बसलाय, हे रात्री कळतं. घरातले दिवे घालव, तासभर जाऊ दे, मग टॉर्चला लाल जिलेटीन गुंडाळून लांबूनच बघ. दिवसभर दगडासारखा पडलेला गडी वाळूवरून चाललेला दिसेल, मिशा पुढं करून. त्या मिशांना चव कळते, त्यामुळे डोळ्यांची त्याला फारशी गरज पडत नाही. मिशीचं टोक गोळीला लागलं की तो जागच्या जागी वळतो आणि गोळी गट्ट करतो. इतकं दिसलं की निवांत झोप.

काळजीची लक्षणं वेगळी. पोटावर न बसता कुशीवर कलंडलेला, मिशा झिजून आखूड झालेल्या, पोट आत गेलेलं, रात्रीही जागचा न हललेला. कल्ल्यांची उघडझाप बघायला शीक. मासा ठणठणीत असताना मिनिटाला किती होते ते एकदा मोजून वहीत लिहून ठेव. प्रत्येकाचा आकडा वेगळा, म्हणून दुसऱ्याच्या माशाशी तुलना करू नको. वर येऊन हवेचा घोट घेतला तर लगेच घाबरू नको. मागूर, शिंगी, सकर, कोरी, सगळेच तसं करतात. मागुराला तर वर येऊच दिलं नाही तर तो पाण्यात असूनही गुदमरतो. पण घडीघडीला वर पळायला लागला, की समज पाण्यातली हवा कमी पडलीय. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. आपल्या किनवटचा मे महिना, त्यात लाईट गेली, पंप बंद पडला, तर काय होईल सांगायला नको. अशा वेळी मगानं पाणी उंचावरून ओतत राहा आणि खाणं बंद ठेव.

खाण्याचं सांगतो. तरंगणारं खाणं वरचे मासे फस्त करतात आणि तळाचा उपाशी राहतो. ‘सकर घाण खाऊन जगतो’ असं दुकानदार सांगेल, ऐकू नको. बुडणारी गोळी दिवे घालवल्यावर टाक. सकराला दुधीची उकडलेली चकती खड्याला बांधून दे, उरलेली सकाळी काढ, नाहीतर पाणी नासतं.

तळाला बारीक वाळू घाल, धारदार खडीनं मिशा झिजतात. बादलीत पाणी नितळ येईपर्यंत वाळू धू. पैनगंगेच्या खोऱ्यात चुनखडी आहे, म्हणून गोटे आणलेस तर आधी लिंबू पिळून बघ. फेसाळला तो गोटा अंगणात ठेव. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून, पंप लावून मगच घाल. औषध द्यायची वेळ आलीच तर बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्यापासून सुरू कर, पण त्याआधी थोडं पाणी बदलून बघ. निम्मी दुखणी तिथंच जातात.

जाळीत पकडू नको. काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना तोच जखमी होतो. मग किंवा डबा बुडवून आत हाक. शिंगी असेल तर हात लांब ठेव, तिच्या काट्यात विष असतं. लागलाच काटा तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट अर्धा तास बुडव, पाणी आधी दुसऱ्या हातानं तपासून, आणि मग दवाखान्यात जा.

बोटभर आणलेला सकर दीड फूट होतो, तुझ्या टाकीत मावणार नाही. म्हणून नदीत सोडायचा नाही हं. उजनी धरणावरच्या कोळ्यांना विचार, जाळ्यात तो आला की काय म्हणतात. आफ्रिकन मागुराचं पालन तर सरकारनं 2000 सालीच बंद केलं, तरी कुणी ‘थाई मागूर’ म्हणून विकेल, घ्यायचा नाही. सकर नकोसा झाला तर दुकानात परत दे, नाहीतर मोठी टाकी असलेला कुणी गाठ.