लॅपटॉपचा उजेड आणि कापडाचा रंग

व्यापारी बंधूंनो, हल्ली पडद्यावर रंग पाहूनच सौदा ठरतो. पडदा मंद असला की राणी रंग मरून भासतो, आणि रंगून आलेला ताका कोणी परत घेत नाही. परवान्याचा खर्च नको म्हणून आमच्यापैकी पुष्कळांनी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातले आहे. त्यात कधी कधी पट्टी सरकते, पण उजेड तसाच राहतो!

दोष बहुधा यंत्राचा नसतो. उजेडाचा ताबा कोणाकडे, याचाच घोटाळा असतो. प्रथम सिस, त्यात क्लास, त्यात बॅकलाइट हे फोल्डर उघडावे. आत दिसणाऱ्या प्रत्येक नावातील 'ब्राइटनेस' फाइलमध्ये रूटच्या अधिकाराने 'मॅक्स ब्राइटनेस'च्या निम्मा आकडा लिहावा. शून्य मुळीच नको, काही यंत्रांत पडदा काळाठिक्कर होतो. ज्या नावाने उजेड हलला, तोच खरा मालक. तो इंटेल किंवा एएमडीचा असेल तर ग्रबच्या फाइलीत कर्नलच्या ओळीला 'एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह' जोडावे; एसीपीआय व्हिडिओ असेल तर 'व्हिडिओ'. कोणीच हलत नसेल तर 'व्हेंडर'ही घालून पाहावे. हे शब्द अर्थात इंग्रजी लिपीतच लिहायचे. उबुंटूत त्यानंतर अपडेट-ग्रब चालवून यंत्र पुन्हा सुरू करावे. फोल्डर रिकामेच निघाले तर मात्र आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर तपासावा.