पन्नास रुपयांसाठी सगळी तूर एकाकडून घेऊ नकोस

मुरुड, दिवाळी पाडवा

चि. बाळास,


तुझं पत्र मिळालं. एक आडत्या वर्षभराची सगळी तूर क्विंटलमागं 50 रुपये कमी दरानं द्यायला तयार आहे, तर बाकीच्यांकडची खरेदी थांबवू का, असं तू विचारलंस. थांबवू नकोस. माणूस सचोटीचा आहे, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण त्याचा बहुतेक माल औसा-निलंग्याकडून येतो. तिकडं ऐन फुलोऱ्यात आभाळ राहिलं आणि शेंगा पोखरणारी अळी पडली, तर तो तरी कुठून देणार? हजार क्विंटलमागं तुझे 50 हजार वाचतील. पण तुझी डाळ मिल महिनाभर बंद राहिली, तरी बँकेचं व्याज, वीजबिल आणि हमालांचा पगार थांबत नाही. ते आकडे एका कागदावर मांडून बघ.

सगळा भार एकावरच टाकला की काय होतं, हे आपल्या जिल्ह्यानं फार जवळून पाहिलंय. लातूर शहराची तहान मांजरा धरणावर होती. 2016 साली ते आटलं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, म्हणजे साधारण पाच लाख लिटर पाणी. एवढ्या मोठ्या शहरासाठी!

तुरीच्या बाजारातही एका गोष्टीपायी सगळं अडतं. 2015 च्या दुष्काळात डाळ किलोला 200 रुपयांवर गेली. पुढच्याच वर्षी पीक इतकं आलं की बाजारात दर क्विंटलला 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली घसरला, आणि खरेदी केंद्रांवर शेतकरी रांगा लावून बसले. तेव्हा अनेक ठिकाणी माप अडलं ते बारदान्यापायी. गोदामात तूर, दारात शेतकरी, आणि पोतं नाही. म्हणून हंगामाआधी बारदाना, बेअरिंग, पट्टे, एमरी रोल हे सगळं बघून ठेव. स्वस्त वस्तूच ऐन वेळी मिल बंद पाडतात.

पण चार ठिकाणांहून माल घ्यायचा म्हणजे चौघांना एकमेकांवर घालून भाव पाडायचा, असा अर्थ घेऊ नकोस. जपानात 1 फेब्रुवारी 1997 रोजी आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथंच बनायचा. साठा अगदी थोडा होता, त्यामुळं गाड्यांचं उत्पादन थांबलं. तेव्हा बाकीचे पुरवठादार, इतकंच काय, शिवणयंत्रं बनवणारी ब्रदर कंपनीसुद्धा, तो व्हॉल्व्ह बनवायला पुढं सरसावली. आठवडाभरात कारखाने पूर्ववत होऊ लागले. एका जागेवर विसंबून राहणं ही टोयोटाची चूकच होती. तिला सावरलं ते वर्षानुवर्षांच्या व्यवहारानं. मला तरी या हकीकतीतली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी वाटते.

तसा व्यवहार रोजच्या वजनकाट्यावर घडतो. ओलाव्याचं मीटर शेतकऱ्यासमोर लाव, आकडा त्यालाच वाचू दे. 12 टक्क्यांच्या वर गेला तर किती कपात होणार, हे माप व्हायच्या आधी सांग, नंतर नाही. हिशेबाची पट्टी त्याच दिवशी हातात दे आणि पैसे कबूल केलेल्या दिवशी. बाजार तेजीत असताना शब्द पाळलास, तरच माल दुर्मीळ होईल तेव्हा शेतकरी ट्रॅक्टर तुझ्या दाराशी उभा करील. उधारीवर माल घेऊन शेतकऱ्याला तंगवणाऱ्या मिली मी पाहिल्यात. टंचाईच्या वर्षी त्यांच्या दारी कुणी फिरकत नाही.

विक्रीचंही ध्यानात घे. सध्या तुझी बहुतेक डाळ पुण्याच्या एकाच व्यापाऱ्याकडं जाते. त्याचा एक धनादेश परत आला तर शेतकऱ्यांचे पैसे कुठून देशील?

संक्रांतीच्या आसपास नव्या तुरीची आवक वाढेल. त्याआधी मांजरा नदीकाठच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला जाऊन भेट, आणि बदनापूरच्या संशोधन केंद्राचं वाण कोण पेरतं तेही विचार. त्या आडत्याला नाराज करू नकोस. निम्मा माल त्याच्याकडूनच घे, पण वर्षाचा करार करू नकोस. आणि कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तो मला एकदा दाखव.

तुझा,
मामा